शहा, शह आणि चेक

‘चेक’ हा इंग्रजी शब्द आता मराठी माणसाला परका वाटत नाही. लालबागच्या कापडाच्या दुकानात तो चौकड्यांचा शर्ट होतो, परळच्या रुग्णालयात तपासणी होतो, दादर स्थानकाच्या पुलावर तिकीट पाहणारा ‘चेकर’ होतो आणि बँकेच्या खिडकीपाशी पैसे देण्याचा लेखी आदेश होतो. छापील अर्जावर ‘धनादेश’ असले तरी तोंडी चेकच. चौकडी, तपासणी, अटकाव आणि धनादेश या अर्थांत वरकरणी काही नाते दिसत नाही. पण त्यांचे मूळ एकच आहे आणि ते बुद्धिबळाच्या पटावर सापडते.

चतुरंग हा खेळ भारतातून इराणात गेला. तेथे पटावरील राजा ‘शाह’ झाला आणि खेळ अरबांच्या मुखी ‘शतरंज’ झाला. राजावर हल्ला होताच प्रतिपक्षाने ‘शाह’ म्हणून सावध करावयाचे. मराठीतील ‘शह देणे’ ते हेच. तोच शब्द अरबांमार्फत युरोपात पोहोचला, जुन्या फ्रेंचमध्ये त्याचे रूप पालटले आणि इंग्रजीत तो ‘चेक’ झाला. ‘चेस’ हे खेळाचे नावही त्याच्याच अनेकवचनातून आले. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. यातील ‘मात’ म्हणजे मरण की निरुपाय, यावर पंडितांत दोन मते आहेत. मराठीने मात्र वाद न घालता ‘संकटावर मात’ करून टाकली. (१९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला बुद्धिबळ विजेती ठरलेल्या वासंती खाडिलकर आणि त्यांच्या भगिनी जयश्री व रोहिणी यांच्यामुळे शह-काटशहाची ही भाषा गिरगावला विशेष जवळची.)

शह बसला की राजाची वाट अडते, म्हणून चेक म्हणजे अटकाव. गावाकडच्या ओढ्यावरील ‘चेक डॅम’ त्याच अर्थाचा. अटकाव करावयाचा तर लक्ष ठेवावे लागते, म्हणून चेक म्हणजे तपासणी. पटावरची घरे कापडावर उतरली, ती चौकडी.

या चौकडीतूनच हिशेबाची वाट निघाली. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल एका लांबरुंद मेजावर मोजला जाई. मेजावर पटासारख्या चौकोनांचे कापड अंथरलेले असे आणि त्या घरांत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी होई, कारण रोमन अंकांनी ती करणे जिकिरीचे होते. एका बाजूस खजिनदार, दुसऱ्या बाजूस वसुली घेऊन आलेला अधिकारी, असा तो डावच. त्या मेजामुळे खजिन्याच्या खात्याला ‘एक्स्चेकर’ नाव पडले आणि ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात ते आजही आहे. आपले महावीराचार्य त्यापूर्वी सुमारे तीनशे वर्षे, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, ‘गणितसारसंग्रहा’त व्याजाची उदाहरणे सोडवून दाखवीत होते, हेही येथे नोंदवावेसे वाटते.

बँकेतला चेक यानंतर पुष्कळ उशिरा आला. अठराव्या शतकात मूळ ‘चेक’ म्हणजे पैसे देण्याच्या कागदाचे मागे उरणारे अर्धुक. दोन्ही जुळवून कागद खरा की बनावट हे ठरवीत. पुढे नाव त्या कागदालाच चिकटले. ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने ब्रिटिशांनी त्याचे स्पेलिंग बदलले, अमेरिकेत जुनेच राहिले. म्हणजे हा कागद जन्मला तो खोट्या लेखाच्या भयातून. सत्याणुव्रताच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘न्यासापहार’ यांची नावे आपण स्वाध्यायात वाचतो. बनावट दस्तऐवज आणि विश्वासाने ठेवलेल्या ठेवीचा अपहार. बँकेच्या दक्षता विभागाचे कामही बहुतांशी याच दोहोंभोवती फिरते.

आता आपल्या आडनावाकडे येऊ. देरासरातील देणगीदारांच्या फलकावर ‘शहा’ किती वेळा येते! हा शहा मात्र इराणच्या राजाचा नव्हे. संस्कृत ‘साधु’पासून ‘साहु’, ‘साह’ आणि मग शहा. मराठीतला चोराच्या उलट असलेला ‘साव’ आणि ‘सावकार’ हे त्याच घराण्यातले. भायखळ्याचे आदीश्वर देरासर बांधविणारे शेठ मोतीचंद अमीचंद ‘मोतीशा’ म्हणून ओळखले गेले, त्यातील ‘शा’ तोच. मुंबईच्या बाजारात ‘शाहजोग हुंडी’ चाले. तिची रक्कम केवळ ‘शहा’लाच, म्हणजे बाजारात पत असलेल्या गृहस्थालाच मिळे. हुंडी पुढे बनावट वा चोरीची निघाली, तर पैसे घेणाऱ्या शहाने ते परत करावयाचे, असा रिवाज होता. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रिवाजांना धक्का लावला नाही.

त्याच कायद्यातील कलम १३८ हे १९८८ च्या दुरुस्तीने आले. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने चेक परत गेला, तीस दिवसांत नोटीस निघाली आणि ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. आपल्या घरांत अजूनही भाच्याच्या दुकानासाठी, व्याह्याच्या कर्जासाठी ‘तारण’ म्हणून कोरा चेक सही करून दिला जातो आणि नकार देणे वडीलधाऱ्यांना अवघड वाटते. ‘रक्कम मी लिहिली नव्हती’ एवढ्याने मात्र सुटका होत नाही. स्वेच्छेने सही करून देण्यापोटी दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी कायद्याचे गृहीतक सही करणाऱ्याच्या विरुद्धच जाते आणि ते खोडून काढण्याचा भार त्याच्यावर पडतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. नकार देणे फारच अवघड झाले, तर निदान नाव, रक्कम आणि तारीख स्वतः लिहावी, वर दोन रेघा ओढून ‘अकाउंट पेयी’ लिहावे आणि कशासाठी दिला ते अर्धुकावर नोंदवावे. पन्नास हजार व त्यावरील चेकचा तपशील बँकेला आधी कळविण्याची ‘पॉझिटिव्ह पे’ सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे, ती वापरावी. चेकची मुदतही एप्रिल २०१२ पासून सहा महिन्यांची तीन महिने झाली आहे, हे जुन्या खातेदारांपैकी कित्येकांच्या अद्याप ध्यानी नाही.