खाण आधीची, वस्ती नंतरची
न्यूयॉर्कजवळच्या हेम्पस्टेडमध्ये १९२७ पासून ३८ एकरांवर वाळू-खडीचा उपसा चाले. वर्षभरातच खाली पाणी लागलं. पुढे तिथे २० एकरांचं, सरासरी २५ फूट खोल तळंच झालं. भोवती घरं, शाळा आल्या. उपसा थांबवायला नगराने झोनिंगचा, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या नियमांचा, आधार घेतला; पण ते हरलं, कारण आधीपासून चालू असलेल्या वापराला झोनिंग सहसा हात लावत नाही. मग १९५८ मध्ये सुरक्षेचा नियम आला: पाण्याच्या पातळीखाली खणायचं नाही, खणलेलं बुजवायचं. म्हणजे धंदा जवळजवळ बंदच! तरीही १९६२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उचलून धरला, भरपाईविना. नियम अवाजवी असल्याचं मालकानेच सिद्ध करायचं होतं. ते त्याला जमलं नाही. मालकावर हे जरा कठोरच झालं, असं मला वाटतं.