जुन्या गाडीची परीक्षा घाटात

मे महिन्यात वाईहून पाचगणीकडे निघालात की पसरणी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. त्यांत जुन्या गाड्यांचा भरणा जास्त. शेजारी पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी असलेली मंडळी गाडीचं दुखणं दोन शब्दांत सांगतात : 'गरम झाली.' घरी परतल्यावर गॅरेजमध्येही तेवढंच सांगितलं जातं. मग कधी रेडिएटर बदलला जातो, कधी थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, काही हजारांचं बिल होतं आणि पुढच्या घाटात गाडी परत गरम होते.

'गरम झाली' हे लक्षण आहे. कारणापर्यंत पोचायचं तर त्याला 'केव्हा?' जोडावं लागतं. सिग्नलला उभी असताना, की चढावर? सुरू केल्यावर पाच मिनिटांत, की तासाभराने? याचं नेमकं उत्तर मिळालं तर पाना हातात घ्यायच्या आधीच निम्मं काम होतं, कारण गाडीतल्या प्रत्येक यंत्रणेवर ताण येण्याची वेळ वेगळी असते. घाटात हे सगळे ताण तासाभरात येऊन जातात. चढताना एका जातीचे दोष उघडे पडतात, उतरताना दुसऱ्या.

उदाहरणाला मारुती ८०० घेऊ. पहिली गाडी डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबलं, त्यामुळे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ८०० दहा वर्षांहून जुनी आहे. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, साधी रचना. पण खाली जे सांगतो आहे ते बहुतेक कोणत्याही जुन्या पेट्रोल गाडीला लागू पडतं.

पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच इंजिनातून काम म्हणून बाहेर पडतो. उरलेली उष्णता. तिच्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे जाते आणि जवळजवळ तेवढीच कूलंटमधून रेडिएटरकडे येते. रेडिएटरला ती हवेत सोडायला दोन गोष्टी लागतात : त्याच्यातून वाहणारं पाणी आणि त्याच्यावरून वाहणारी हवा. गाडी पळत असताना हवा आपोआप मिळते, उभी असताना पंख्याची लागते. म्हणून ट्रॅफिकमध्ये तापणारी आणि मोकळ्या रस्त्यावर लागताच थंड होणारी गाडी पंख्याकडे बोट दाखवते. पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायर जोडून पाहावी. पंखा फिरला तर मोटर ठीक आहे, दोष फ्यूज, रिले किंवा तापमानाच्या स्विचमध्ये आहे. यासाठी रेडिएटरला हात लावायची गरजही नसते.

याच्या उलट, शहरात ठीक आणि हायवेवर ऐंशीच्या वेगाने तापणारी गाडी. तिथे हवा भरपूर आहे, तेव्हा कमी पडतंय ते पाणी. कूलंट कमी असेल, वॉटर बॉडीची, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाची, पाती गंजून झिजली असतील, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल किंवा रेडिएटर चोक झाला असेल. आपल्याकडे या शेवटच्या कारणाचं प्रमाण मोठं आहे, कारण कूलंटऐवजी विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सर्रास ओतलं जातं. त्या जड पाण्यातले कॅल्शियमचे क्षार तापले की पांढऱ्या थराच्या रूपाने नळ्यांना आतून चिकटतात. हा थर ॲल्युमिनियमच्या तुलनेत उष्णता सुमारे शंभरपट कमी वाहून नेतो. म्हणजे अर्धा मिलिमीटर थर साचला तर उष्णतेच्या वाटेत पाच सेंटिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची भिंत उभी केल्यासारखं होतं. चोक रेडिएटर ओळखायला सोपा आहे. इंजिन पुरेसं गरम करून बंद करावं, पंख्याचं कनेक्शन काढून ठेवावं (तो किल्ली काढल्यावरही अचानक फिरू शकतो) आणि जाळीवरून सांभाळून हात फिरवावा. सगळीकडे गरम आणि मध्येच एक पट्टा थंड लागला, तर त्या पट्ट्यातून पाणी जात नाही.

रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ते प्रेशर कुकरचंच काम करतं. आतला दाब हवेच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ बारने जास्त ठेवला की पाणी १०० ऐवजी जवळजवळ ११९ अंशांना उकळतं. दहा-पंधरा वर्षांत झाकणाचं रबर कडक होतं, दाब टिकत नाही, आणि पाणी पुन्हा शंभरला उकळायला लागतं. त्यातही महाबळेश्वरच्या उंचीवर, म्हणजे साधारण १३७० मीटरवर, ते पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळतं. थर्मोस्टॅट उघडतो सुमारे ८२ अंशांना, म्हणजे हाताशी उरली जेमतेम तेरा-चौदा अंशांची सवलत. सपाटीवर वर्षभर शहाण्यासारखी वागणारी गाडी घाटातच का उकळते, याचं उत्तर अनेकदा या काही शे रुपयांच्या झाकणात असतं. इंजिन बंद केल्याबरोबर बाजूच्या टाकीत पाणी भसाभस उलटत असेल तर आधी झाकण बदलून पाहा.

आणि गरम झाकण उघडू नका. दाबाखाली ११० अंशांवर असलेलं एक लिटर पाणी झाकण उघडताच शंभरावर येतं, ती जादा उष्णता घेऊन त्यातल्या सुमारे दोन टक्के पाण्याची वाफ होते, आणि ही वाफ भरते तीस लिटर. ती सगळी उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणंही तितकंच घातक. बऱ्याच गाड्यांत हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असतो. ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे अचानक थंड झालेलं हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. काटा वर चढताना दिसला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, खिडक्या उघड्या. हीटर म्हणजे केबिनमध्ये बसवलेला छोटा रेडिएटरच आहे. उन्हाळ्यात हे नकोसं वाटतं, पण त्याने इंजिन वाचतं. चढत गेलेला काटा अचानक शून्याकडे पडला तर हायसं वाटून घेऊ नका. सेन्सरभोवतीचं पाणीच संपलं की तो असा खोटा दिलासा देतो. तिथल्या तिथे इंजिन बंद करायचं.

हेड गॅस्केट खरंच उडालंय का, हा प्रश्न मोठ्या खर्चाचा, म्हणून त्याचा पुरावा मागून घ्यावा. कुठेही गळती नसताना पाणी कमी होणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू केल्यावर पाण्यात सतत येणारे बुडबुडे, ही लक्षणं एकत्र आली तर संशय बळावतो. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसली की काही जण लगेच इंजिन उघडायला निघतात. पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही ती धरते, नुसत्या दमटपणाने. खात्रीची चाचणी वेगळी आहे. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून वरची हवा त्यातून ओढतात. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड पाण्यात येत असेल तर द्रावण पिवळं पडतं. दहा मिनिटांचं काम आहे, ते करूनच हेड उतरवावं.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मात्र मला अजिबात मान्य नाही. त्याने मूळ दोष झाकला जातो आणि इंजिन कायम थंड चालतं. थंड इंजिन जास्त पेट्रोल मागतं, ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि रिंगा लवकर झिजतात.

घाटमाथ्यावर चहासाठी थांबलात आणि परत किल्ली फिरवल्यावर नुसतं 'टक' झालं, तर पहिला आरोप बॅटरीवर होतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मीटर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवतो, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. हे दोन्ही आकडे ठीक असतील तर बॅटरी आणि अल्टरनेटर सोडून अर्थिंगकडे वळा. स्टार्टर दीडशे अँपिअरच्या घरात करंट ओढतो. गंजलेल्या टर्मिनलवर ओहमचा शंभरावा भाग इतका रोध आला तरी तिथेच दीड व्होल्ट खर्ची पडतो. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थची पट्टी काढा, पॉलिश पेपरने घासा, आवळून बसवा. बॅटरी बदलायची गरज कदाचित पडणार नाही.

सुरू झालेली गाडी उभ्या जागी थरथरते, रेस केली की सुरळीत होते, असंही होतं. इथेही 'केव्हा' कामाला येतं. आयडलिंगला इंजिन फार थोडी हवा घेतं, त्यामुळे तडकलेल्या व्हॅक्यूम पाइपमधून चोरून शिरणारी हवा त्या मानाने मोठी ठरते. रेस वाढली की तीच गळती एकूण हवेत नगण्य होते. दोष पेट्रोलचा किंवा स्पार्कचा असता तर बहुतेक वेळा पिकअप देतानाही गाडीने मिसिंग केलं असतं. जुन्या गाडीत रबर हा सगळ्यात आधी म्हातारा होणारा भाग आहे, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याला तडकवतात. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यासाठी न बनवलेल्या गाड्यांचे पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरची गॅस्केटं वर्षातून एकदा तरी हाताने दाबून, वास घेऊन तपासायला हवीत. पेट्रोलचा वास येत असेल तर ती गाडी त्या दिवशी चालवायची नाही.

आता उतार. गिअरमध्ये राहून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की थ्रॉटल बंद होतो आणि इंजिनाच्या आत जोरदार पोकळी तयार होते. व्हॉल्व्हचे सील कडक झाले असतील तर ही पोकळी वरचं ऑइल खाली ओढून घेते. लांब उतारानंतर पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर निळसर धुराचा लोट निघाला, किंवा रात्रभर उभ्या गाडीने सकाळी एकदाच निळा धूर टाकला, तर संशय सीलवर. चढावर जोर लावताना निळा धूर सतत येत असेल तर रिंगांवर. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण अनेक गाड्यांत सील हेड न उतरवताही बदलता येतात, रिंगांसाठी मात्र इंजिन खोलावं लागतं. इथेही पुरावा मिळतो : सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं, स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडायचं, पुन्हा मोजायचं. ऑइलने रिंगांची फट तात्पुरती भरते. आकडा चांगला वाढला तर रिंगा गेल्या, तसाच कमी राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. 'इंजिन काम निघालंय' असं कुणी सांगितलं तर हे दोन आकडे कागदावर लिहून मागा.

आवाजांचं थोडक्यात सांगतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवताना कटकट आली तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट, वेगाबरोबर वाढणारी आणि वळणावर बदलणारी घूंऽऽ आली तर चाकाचं बेअरिंग, फक्त खड्ड्यातच खडखड आली तर सस्पेन्शनचे बुश. एक अपवाद लक्षात असू द्या. टायमिंग बेल्ट बहुधा काहीच आवाज न करता तुटतो. त्याला लक्षण नसतं, किलोमीटर आणि वर्षं मोजूनच तो बदलावा लागतो.

उतरताना पेट्रोल वाचावं म्हणून न्यूट्रल टाकणाऱ्यांसाठी एक हिशेब. चार माणसांसह ८०० चं वजन सव्वानऊशे किलो धरा, घाटाची उंची सहाशे मीटर. खाली येईपर्यंत सुमारे ५४ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत १७ लिटर पाणी उकळीला येतं. गिअरमध्ये उतरलात तर मोठा वाटा इंजिन घेतं, न्यूट्रलमध्ये उतरलात तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, पावणेचार टक्के पाणी शिरलं की तो १४० पर्यंत घसरू शकतो. कोकणातल्या चार पावसाळ्यांत न बदललेलं ऑइल या मार्गावर बरंच पुढे गेलेलं असतं. ते उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल तळाला टेकतं आणि चाकं थांबत नाहीत. पुढे गाडी थंड झाली की ब्रेक पुन्हा ठीक लागतात आणि गॅरेजमध्ये 'काहीच दोष नाही' असं उत्तर मिळतं.

तेव्हा गॅरेजला जाताना कागदावर लिहून न्या : इंजिन थंड होतं की गरम, चढ होता की उतार, कोणता गिअर, किती वेग, एसी चालू होता का. पार्ट बदलायच्या आधी कोणती चाचणी केली आणि तिचा निकाल काय आला, हे विचारा. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी. आणि ब्रेकचं पॅडल एकदाही खाली गेलं असेल, तर ती गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, टो करून न्या.