जपून ठेवलेली फाईल

दिवाळी चार दिवसांवर आली होती. माळ्यावरचा सोऱ्या काढायला म्हणून स्टुलावर चढले, तोल गेला आणि हातावर पडले. पडणे ते केवढे, दीड-दोन फुटांचे! पण मनगटाचे हाड मोडले. ही गोष्ट २०२२ सालची. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि बराच वेळ ते पाहत राहिले. मग म्हणाले, "या वयात एवढ्याशा पडण्याने हाड मोडू नये. लहानपणी काही मोठा आजार? स्टिरॉईड्स वगैरे बरेच दिवस घेतली होती का?"

शेजारच्या खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या. मी म्हटले, "नाही."

हे 'नाही' माझ्या माहेरने मला लहानपणापासून पाठ करून घेतलेले होते.

१९९३ साली, सहाव्या वर्षी, मला रक्ताचा कर्करोग झाला. आम्ही कराडचे. अप्पांनी मला मुंबईला नेले. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्काम ठोकून आईने माझे उपचार पार पाडले. पाठीच्या कण्यातली इंजेक्शने, डोक्याला दिलेले किरणोपचार, गेलेले केस, गोळ्यांनी गरगरीत सुजलेला चेहरा, सगळे मला अर्धवट आठवते. १९९६ साली औषधे थांबली. "तपासणीला मात्र येत राहा," असे डॉक्टरांनी बजावले होते. दोनेक वर्षे आम्ही गेलोही. मग अप्पा म्हणाले, "पोर बरी झाली. आता मुंबई नको." शाळेत आजाराचे नाव विषमज्वर सांगितले होते, तेच पुढे कायम झाले. मुलीचे लग्न व्हायचे होते ना! २०१२ साली ते झालेही.

मधल्या काळात शरीर आपल्या परीने काही सांगत होते. दहाव्या वर्षीच मला पाळी आली. "लवकर शहाणी झाली," असे आत्या म्हणाली. उंची मात्र चार फूट आठ इंचांवर अडली. प्रार्थनेच्या रांगेत दहावीपर्यंत मी पहिलीच. "आपल्या घराण्यात सगळ्या बुटक्याच," म्हणून तो विषय मिटला. थकवा, पाठदुखी हे तर बाईच्या जातीला असायचेच!

त्या पडण्यानंतर महिन्याभराने मी एकटीच डॉक्टरांकडे गेले आणि खरे ते सांगितले. ते रागावले नाहीत. "आधी ती जुनी फाईल आणा," एवढेच म्हणाले, आणि त्यांनी मला संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोन्सच्या, तज्ज्ञांकडे पाठवले. तिथे जे कळले, ते साध्या शब्दांत सांगते.

आपली हाडे म्हणजे बचत खाते. जन्मापासून साधारण पंचविशी-तिशीपर्यंत त्यात भर पडते, आणि सर्वांत मोठी भर पडते वयात येण्याच्या वर्षांत. पुढे आयुष्यभर काढायचे ते त्यातूनच. रक्ताच्या कर्करोगावर दिली जाणारी स्टिरॉईड्स हाड घडवणाऱ्या पेशींचे काम मंदावतात. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधाचाही हाडांना उपद्रव होऊ शकतो. त्यातून मूल महिनोन्महिने अंथरुणावर, ना ऊन ना खेळ. डोक्याला किरणोपचार दिले असतील, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीला धक्का बसू शकतो. वाढीचे संप्रेरक तिथेच तयार होते. ते उंची वाढवते, तसेच हाडे भरीव करायलाही लागते. याच उपचारांमुळे काही मुली अकाली वयात येतात. मग हाडांची टोके लवकर जुळतात आणि उंची थांबते. माझ्या आत्याच्या 'शहाणपणा'चा उलगडा मला असा पस्तिसाव्या वर्षी झाला. वेळेवर तपासणी झाली असती, तर त्या वयात त्यावर काही करता आले असते.

याचा अर्थ उपचार चुकले असा नाही. १९४८मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी या आजारातल्या मुलांना औषधाने तात्पुरता उतार पडलेला दाखवला, तेव्हा तेवढेही नवल होते. आज प्रगत देशांत शंभरातली ऐंशीहून अधिक मुले वाचतात. त्या किरणांनी, त्या गोळ्यांनीच मी जगले. पुढे असे दुष्परिणाम ध्यानात आल्यामुळेच आता या आजाराच्या बहुतेक मुलांना डोक्याचे किरणोपचार टाळले जातात. शिवाय प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही. कोणते औषध, किती, कोणत्या वयात, यावर ते ठरते. म्हणूनच तर फाईल हवी! मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळी तपासणी चालते, ती याचसाठी.

फाईल आणायला कराडला गेले. आईने ट्रंक उघडली. तिच्या लग्नाच्या शालूखाली, जुन्या उशीच्या अभ्र्यात ती गुंडाळलेली होती.

"इतकी वर्षे लपवलीस?" मी म्हटले.

"लपवली नाही गं. जपून ठेवली," आई म्हणाली. "लपवायची असती तर बंबात घातली असती. अप्पा तेच म्हणत होते."

सासरी सांगितले, तेव्हा नवरा गप्प बसून ऐकत राहिला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "आजार झाला हा काय तुझा गुन्हा? पण दहा वर्षे एका घरात राहून सांगितले नाहीस, ते मला लागले." मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही.

हाडांची घनता मोजली, ती वयाच्या मानाने बरीच कमी निघाली. आता कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचे भरभर चालणे, डॉक्टरांनी ठरवून दिलेले व्यायाम आणि वेळच्या वेळी थायरॉईडसह संप्रेरकांच्या तपासण्या, असा क्रम आहे. गेलेले सगळे परत येणार नाही. आहे ते मात्र सांभाळता येते.

ज्यांच्या घरी असे बरे झालेले मूल आहे, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. कागद फेकू नका. मूल जाणते झाले की त्याला आजाराचे खरे नाव सांगा, आणि डॉक्टरांना सांगायलाही शिकवा.

माझ्या फाईलची पाने पिवळी पडली आहेत, टाचण्या गंजल्या आहेत. आता ती आमच्या कपाटात रेशनकार्डाशेजारी असते.