५० डॉलरचं शूटिंग

अमेरिकेतल्या युटा राज्यातली ब्लेंडटेक ही मिक्सर बनवणारी कंपनी. यंत्राचा दम तपासायला तिचे संस्थापक टॉम डिक्सन त्यात चक्क लाकडाचे तुकडे घालत. २००६ मध्ये मार्केटिंग प्रमुख जॉर्ज राइट यांना जमिनीवर पडलेला भुसा दिसला आणि त्यांनी या चाचणीचंच शूटिंग करायचं ठरवलं.

खर्च? जेमतेम ५० डॉलर. त्यात पांढरा कोट, काचेच्या गोट्या, बागेतलं दाताळं असं सामान आलं. कॅमेऱ्यासमोर खुद्द डिक्सन उभे राहिले आणि गोट्यांची पूड झाली. २००७ मध्ये नवाकोरा आयफोनही त्याच भांड्यात गेला. ‘विल इट ब्लेंड?’ या व्हिडिओ मालिकेचा साचा ठरलेला : एक प्रश्न, एक वस्तू आणि डोळ्यांदेखत उत्तर.

छोट्या व्यावसायिकाने उचलावं ते हेच. एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्यावा, माल वापरात दाखवावा, शॉट आधी कागदावर उतरवावेत. खिडकीचा उजेड चेहऱ्यावर यावा, पाठीमागून नको. शूटिंगपुरता पंखा बंद ठेवावा, कॉलर माइक लावावा. रीलसाठी फोन उभा धरावा. बरेच जण आवाज बंद ठेवूनच पाहतात, तेव्हा पडद्यावर ठळक मराठी ओळी हव्यातच.