काम चालू, गेम बंद

पॅचचा, म्हणजे अपडेटचा दिवस असला की पेण-रोह्याकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपासून एकच प्रश्न फिरत राहतो. ‘चालू झालं का रे?’ ‘नाय, अजून तसंच दाखवतंय.’ तसंच म्हणजे गेम उघडल्यावर समोर येणारी एका ओळीची पाटी : ‘द सर्व्हर विल बी रेडी सून’. फ्री फायर मॅक्सचा मोठा अपडेट साधारण दोनेक महिन्यांनी येतो. त्या दिवशी भारतातला सर्व्हर सकाळी साडेनऊच्या सुमारास बंद होतो आणि उघडेपर्यंत संध्याकाळ होते. शाळा-कॉलेजच्या वेळेत बंद ठेवलाय, मग बिघडलं कुठे, असं घरातल्या मोठ्यांना वाटतं. पोरं मात्र चिडलेली असतात, आणि त्यांचं चिडणं दिसतं तितकं पोरकट नसतं.

आधी बंद का करावं लागतं ते पाहू. मोबाइलमध्ये असतो तो गेमचा दर्शनी भाग. तुमची रँक, हिरे (गेममधलं चलन), विकत घेतलेले कपडे आणि बंदुका, मित्रांची यादी हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर, डेटाबेसमध्ये असतं. नव्या अपडेटमध्ये नवी बंदूक किंवा नव्या प्रकारचं बक्षीस आलं, तर या नोंदींचा आराखडाच बदलावा लागतो, आणि तोही कोट्यवधी खात्यांसाठी. तो बदल चालू असताना कुणी हिरे खर्च करत असेल, कुणी सामना जिंकत असेल, तर जुना हिशेब आणि नवा हिशेब जुळणार नाही. म्हणून सगळ्यांना बाहेर काढायचं, असेल त्या स्थितीची प्रत काढून ठेवायची, बदल करायचे, मग कंपनीच्याच माणसांनी आत जाऊन खेळून बघायचं आणि सगळं ठीक दिसलं की दार उघडायचं. जाहीर केलेली वेळ उलटते ती बहुतेकदा या खेळून बघण्याच्या टप्प्यावर. काहीतरी चुकलेलं सापडतं. मग दुरुस्त करत बसायचं की काढून ठेवलेल्या प्रतीवर परत जायचं, हा निर्णय घड्याळाकडे बघत घ्यावा लागतो.

बाहेरून कुणाला दिसत नाही अशी आणखी एक अडचण असते : दार उघडणं. 28 ऑक्टोबर 2021 रोजी रोब्लॉक्स हा जगभरातल्या मुलांचा लाडका खेळ बंद पडला आणि तब्बल 73 तास बंद राहिला. त्या काळात रोज सुमारे पाच कोटी लोक तो खेळत. योगायोगाने त्याच सुमारास एका अमेरिकन खाद्यसाखळीने रोब्लॉक्समध्ये फुकट बरिटो वाटायची योजना काढली होती. त्यामुळे ‘बरिटोंनी सर्व्हर बसवला’ अशी आवई उठली, आणि कंपनीला खुलासा करावा लागला. खरं कारण पुढे जानेवारी 2022 मध्ये कंपनीने सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. सर्व्हरनी एकमेकांना शोधायचं ज्या यंत्रणेवर, तिच्यात नव्याने सुरू केलेली एक सोय प्रचंड भाराखाली उलटली होती. गंमत पुढेच आहे. बिघाड कुठे आहे हे दाखवणारी देखरेखीची साधनंही त्याच यंत्रणेवर उभी होती, म्हणजे रोग्याबरोबर डॉक्टरही आजारी. दुरुस्ती झाल्यावरही सगळ्यांना एकदम आत घेतलं नाही. थोड्या-थोड्या टक्क्यांनी माणसं सोडली, कारण एकदम लोंढा आला असता तर सर्व्हर पुन्हा बसला असता. ‘माझ्या मित्राचं चालू झालं, माझं का नाही’ या तक्रारीमागे कधीकधी असा शहाणपणाही असू शकतो.

आता वेळेचा मामला. बंद ठेवायचं तर रात्री ठेवा, असं आपण म्हणतो. पण कुणाच्या रात्री? फ्री फायरवाल्या गरेनाचं मुख्यालय सिंगापूरला आहे. आपले साडेनऊ म्हणजे त्यांचे दुपारचे बारा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या अमेरिकेतल्या सर्व्हरची दुरुस्ती तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर मंगळवारी सकाळी सातला सुरू झाली, तर उन्हाळ्याच्या दिवसांत आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. इव्ह ऑनलाइन हे अवकाशयुद्ध 2003 पासून चालू आहे. चीन सोडला तर त्याचं सगळं जग एकच आहे. ते रोज ग्रिनिचच्या अकरा वाजता, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला, थोडा वेळ बंद होतं. पूर्वी यात बराच वेळ जाई, आता काही मिनिटांत उरकतं. चिनी बनावटीचा गेन्शिन इम्पॅक्ट मात्र दर सहा आठवड्यांनी चीनच्या पहाटे सहाला बंद होतो. तेव्हा आपले साडेतीन वाजलेले असतात, आणि साडेआठला तो उघडतोसुद्धा. योगायोगाने भारतीय खेळाडूला हे फार सोयीचं पडतं. एरवी आपल्या सोयीचा विचार कुठल्याच वेळापत्रकात फारसा नसतो.

पण पाच-आठ तास बंद राहण्याने माणूस एवढा का उखडतो? मला वाटतं, याचं उत्तर सर्व्हरपेक्षा खेळाच्या धंद्यात आहे. आजचे बहुतेक मोबाइल गेम फुकट मिळतात आणि कमाई करतात ती तुमच्या रोजच्या हजेरीवर. रोज लॉगिन करा, बक्षीस घ्या. सात दिवस सलग आलात तर मोठं बक्षीस, एक दिवस चुकला तर पहिल्यापासून. पैसे मोजून पास घ्यावा, तर तो ठरावीक दिवसांनी संपतो, आणि त्यातली बक्षिसं त्या दिवसांत खेळूनच मिळवायची असतात. रँकचा सीझन संपत आला की शेवटच्या दोन दिवसांत लोक जेवण सोडून बसतात. थोडक्यात, प्रत्येक तासाला किंमत असते हे कंपनीनेच पोरांच्या मनावर बिंबवलेलं असतं. मग ती स्वतःच आठ तास दार लावून घेते आणि म्हणते, धीर धरा. चिडणारा पोरगा कंपनीने शिकवलेलंच गणित कंपनीला ऐकवत असतो.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर भरपाई देतात. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये बंद राहिलेल्या दर तासाला 60 प्रिमोजेम, म्हणजे तिथलं चलन, मिळतात. पाच तासांचे 300. एका वेळी नशीब आजमावायला 160 लागतात, म्हणजे झोपेत जवळपास दोन संधी जमा. त्यामुळे तिथे मेंटेनन्स लांबला तर काही खेळाडू खूशही होतात! फायनल फँटसी 14 चा नवा भाग डिसेंबर 2021 मध्ये आला तेव्हा आत शिरायला हजारोंची रांग लागली. जगभरात चिपची टंचाई होती, नवे सर्व्हर मिळत नव्हते. निर्माते नाओकी योशिदा यांनी वेळोवेळी लिहून कारण सांगितलं, मासिक वर्गणी भरणाऱ्यांना आधी सात, मग आणखी चौदा दिवस फुकट दिले आणि काही काळ गेमची विक्रीच थांबवली. गर्दी आवरायला धंदाच थोडा वेळ बंद ठेवणारा दुकानदार विरळाच.

याच्या उलट उदाहरण सोनीचं. एप्रिल 2011 मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क 20 तारखेला बंद केलं गेलं. 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती चोरीला गेलेली असू शकते हे लोकांना कळलं 26 तारखेला, आणि सेवा परत सुरू व्हायला तीन आठवड्यांहून जास्त लागले. नंतर फुकट गेम वाटून झाले, पण मधल्या सहा दिवसांच्या मौनाबद्दलचा राग त्याने भरून निघाला नाही.

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनतज्ज्ञाने 1985 मध्ये रांगेत उभं राहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. किती वेळ थांबायचं ते माहीत नसलं, का थांबायचं ते सांगितलं नाही, की तेवढाच वेळ जास्त लांब वाटतो, हा त्याचा गाभा. पेण-नागोठण्याच्या माणसाला हे शिकवायला तज्ज्ञ लागत नाही. रेल्वेच्या रविवारच्या मेगाब्लॉकची वेळ आदल्या दिवशी छापून येते. माणूस कुरकुरतो, पण लवकरची गाडी धरतो. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या रुंदीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि मग तारखेमागून तारीख पडत गेली. वडखळच्या कोंडीत बसून त्या तारखा ऐकलेल्या माणसाला ‘एक्स्टेंडेड मेंटेनन्स’ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मुदतवाढ म्हटलं की पुरे.

तारीखच नसलेलं बंदही आपल्या पोरांनी पाहिलंय. केंद्राने 2 सप्टेंबर 2020 रोजी 118 ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होतं. 30 ऑक्टोबरला त्याचे भारतातले सर्व्हर थांबले. 2 जुलै 2021 ला त्याचाच भारतीय अवतार बीजीएमआय आलं, 28 जुलै 2022 ला तेही प्ले स्टोअरवरून उतरलं. मे 2023 मध्ये ते परतलं ते तीन महिन्यांच्या परीक्षेवर आणि खेळायच्या तासांना मर्यादा घालून. मधल्या दहा महिन्यांत ‘या आठवड्यात येतंय’ अशा अफवांवर यूट्यूबवाल्यांची चांगली कमाई झाली असणार. सुरक्षेचं कारण योग्य होतं की नाही हा वेगळा वाद. पण ज्या मुलांनी पास आणि कपड्यांवर पैसे घातले होते, त्यांना या काळात थांबा किंवा विसरा असंही नीट कुणी सांगितलं नाही.

आणि कंपनीचा सर्व्हर ठणठणीत असताना आपल्याकडचंच सगळं बंद पडतं, त्याचं काय? 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. खांब पडले, टॉवर गप्प झाले. दक्षिण रायगडातल्या कितीतरी गावांत वीज यायला आठवडे लागले. लॉकडाऊन होता, शाळा मोबाइलवर येऊ घातल्या होत्या आणि पबजी ऐन भरात होतं. त्या दिवसांत पासचे दिवस मात्र सरतच होते. भरपाई कंपनीच्या बिघाडाला असते, तुमच्या गावच्या नाही.

मोबाइल सेवेसाठी आता नियम झालाय. दूरसंचार नियामक ट्रायने 2024 मध्ये ठरवलं की जिल्ह्यातलं नेटवर्क 24 तासांहून जास्त बंद राहिलं तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वैधता वाढवून द्यायची. दिवसात 12 तासांपेक्षा जास्त बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरायचा. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे, म्हणजे निसर्गसारखं वादळ हिशेबात येणार नाही. शिवाय मोजमाप जिल्ह्याचं आहे. रायगड जिल्ह्यात पनवेलही येतं, जिथे 2020 मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या डेटा सेंटरांपैकी एक सुरू झालं. पनवेलचे टॉवर चालू आणि रोह्याच्या आतल्या वाड्यांतली रेंज तीन दिवस गायब, अशा वेळी कागदावर रायगडचं नेटवर्क चालूच असतं.