शुगर 'गेली' म्हणजे नेमकं काय झालं?



गटाच्या बैठकीत हल्ली कानावर येतं, "अमकीची शुगर गेली, गोळ्या बंद झाल्या." ऐकून बरं वाटतं. पण ते ऐकून दुसरी कुणी आपल्या मनानं गोळी सोडते, तिथं घात होतो.

डॉक्टर याला 'रेमिशन' म्हणतात. 2021 साली अमेरिका-युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांनी त्याची व्याख्या ठरवली. शुगरचं सगळं औषध बंद होऊन किमान तीन महिने झाले आणि तरी 'एचबीएवनसी' 6.5 टक्क्यांच्या खाली राहिली, तर ते रेमिशन. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. गोळी चालू असताना रिपोर्ट नॉर्मल आला तर ती गोळीची कमाई. तिला रेमिशन म्हणत नाहीत. (अंगात रक्त कमी असेल तर ही तपासणी चुकू शकते. आपल्यात हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाया कमी नाहीत, म्हणून डॉक्टरांना ते आधी सांगा.)

रानातली हरळी आठवा. खुरपून रान साफ दिसतं, पण मुळी खाली असते. रेमिशनचं तसंच आहे. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात शुगर होऊन सहा वर्षांच्या आतल्या, वजन जास्त असलेल्या लोकांचं वजन देखरेखीखाली उतरवलं. वर्षाअखेर 100 पैकी 46 जणांना रेमिशन मिळालं, दोन वर्षांनी ते 36 वर आलं. म्हणजे होतं, पण सगळ्यांना नाही आणि कायमचंही नाही.

"मी तर काटकी, मला कशाची शुगर?" असं म्हणणाऱ्यांसाठी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम सांगते. 2004 साली त्यांनी स्वतःची तुलना एका इंग्रज डॉक्टरशी केली. उंची-वजनाचं प्रमाण दोघांचं सारखंच, पण चरबी इंग्रजाची 9 टक्के आणि याज्ञिकांची 21! आपली चरबी पोटात लपते. तेव्हा काट्यासोबत कमरेचं मापही घ्या.

शेजारच्या लातूरमधून डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवणाचा प्रयोग गावोगाव पोचला. पण शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम जेवण कमी केलं तर साखर फार खाली उतरून चक्कर येते, माणूस बेशुद्धही पडतो. आधी डॉक्टर, मग प्रयोग. आणि टाइप 1 शुगरच्या लेकरांचं इन्सुलिन कधीच बंद करायचं नाही, कुणी काहीही सांगो.

रेमिशन मिळालं तरी वर्षातून एकदा तरी एचबीएवनसी करा, डोळे, पाय आणि लघवीही तपासा. आधी झालेली इजा साखर उतरली म्हणून भरून येतेच असं नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनी कोयत्यासोबत गोळ्यांचा साठा आणि जुने रिपोर्ट बांधून घ्यावेत. निघण्याआधी केजच्या सरकारी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईला एकदा साखर तपासून घ्या.