छिन्नरुह : निवडुंगाचे पिल्लू आणि कार्तिकाची प्रतीक्षा

शांतिसूरींच्या ‘जीवविचार’ प्रकरणात साधारण वनस्पतिकायाचे एक लक्षण सांगितले आहे : छिन्नरुह, म्हणजे तोडले तरी पुन्हा रुजणारे. थोर, कोरफड, गुळवेल ही तेथली उदाहरणे. निवडुंग मूळचा अमेरिकेतला. थोराहून त्याचे कूळ निराळे, परंतु रुजण्याची रीत तीच.

म्हणूनच श्रावकाच्या घरी पहिला प्रश्न ‘कसे तोडावे’ हा नसून ‘तोडणे टाळता येईल का’ हा आहे. पुष्कळ गोल निवडुंगांच्या बुंध्याशी पिल्ले येतात. ती पक्व झाली की हलक्या हाताने सुटतात. सुरी लागत नाही. काट्यांसाठी वर्तमानपत्राची जाड घडी पुरते.

दुसरा प्रश्न काळाचा. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर मुसळधार पाऊस असतो. दमट हवेत सुटलेल्या पिल्लाची जखम सुकत नाही. बुरशी शिरते आणि आपल्या उतावीळपणामुळे एक जीव कुजून जातो. चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा उलटली, की हवा कोरडी होऊ लागते. तोवर थांबावे.

पिल्लू आठवडाभर सावलीत सुकू द्यावे. मातीच्या सच्छिद्र कुंडीत निम्मी माती व निम्मी नदीची जाड वाळू घालावी. समुद्राची वाळू खारट, ती वर्ज्य. पिल्लू वरच्यावर टेकवावे, पुरू नये. पहिला आठवडा पाणी देऊ नये. पुढे माती पूर्ण वाळल्यावरच, गाळलेले, थोडे द्यावे. महिना-दीड महिन्यात मुळे धरतात. पुढच्या पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून दूर, वळचणीच्या आत ठेवावी.